मॅसी १०३५ घेताना मी काय काय पाहिले

आम्ही पोहोचलो तेव्हा ट्रॅक्टरचे बॉनेट कोमट होते. दौंड तालुक्यातल्या एका वस्तीवर चिंचेखाली उभ्या असलेल्या त्या १९८२ सालच्या मॅसी फर्ग्युसन १०३५ जवळ गेल्याबरोबर माझ्यासोबत आलेल्या मिस्त्रींनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि तो तसाच ठेवून मालकाला विचारले, "दादा, सकाळी चालू केला होता का?" मालक तिशीतला आणि सरळ स्वभावाचा होता. "हो, तुम्ही येणार म्हणून जरा गरम करून ठेवला," असे त्याने लगेच सांगून टाकले. "मग आता गार होऊ द्या, आम्ही बसतो," असे म्हणून मिस्त्रींनी गळ्यातला पंचा खाटेवर ठेवला. गार इंजिन कसे सुरू होते हेच पाहायचे होते, पण जानेवारीतली सकाळ असूनही ते बिडाचे इंजिन पुरते निवायला तीन तास लागले. बंद ट्रॅक्टरमध्ये पाहण्यासारखे जे काही असते ते सगळे आम्ही त्या तीन तासांत पाहून घेतले, आणि आता वाटते की सौद्याचा निम्मा निकाल तेव्हाच लागला होता.

मी पुण्यात सहकारनगरला राहतो. भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात तीस वर्षे काढून मी निवृत्त झालो, आणि सासवडच्या पूर्वेला असलेली आमची साडेतीन एकर जमीन आता स्वतः पाहतो. जमीन हलकी आणि मुरमाड असून तीत अंजीर, सीताफळ आणि थोडा वाटाणा होतो. एवढ्या रानासाठी नवा ट्रॅक्टर घेणे हिशेबात बसत नाही, आणि भाड्याचा ट्रॅक्टर वापशावर, म्हणजे जमिनीत नांगरण्याजोगी ओल असताना, नेमका मिळत नाही, हे पुरंदरमधल्या कोणत्याही लहान शेतकऱ्याला सांगावे लागणार नाही. मात्र जुनाच ट्रॅक्टर हवा, आणि तोही मॅसीच हवा, यामागे केवळ हिशेब नव्हता. माझ्या लहानपणी आमच्या रानात पहिल्यांदा यंत्राने नांगरट झाली ती शेजारच्या गावातून भाड्याने आणलेल्या लाल मॅसीने. बांधावर उभे राहून वडिलांनी ते पाहिले, आणि संध्याकाळी बैलांना पाणी दाखवताना ते कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. ते यंत्र आपल्याकडे असावे अशी इच्छा मी चाळीस वर्षे बाळगून होतो.

हा धरून सहा आठवड्यांत मी पाच ट्रॅक्टर पाहिले. शिरूरकडे एक इंटरनॅशनल बी २७५ होता. महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून १९६३ साली स्थापन केलेल्या कंपनीतून निघालेले हे यंत्र महाराष्ट्राच्या शेतीत फार मोलाचे ठरले, आणि महिंद्राच्या पुढच्या ट्रॅक्टरांच्या नावात २७५ हा आकडा टिकून राहिला तो त्याच्यामुळेच. पण त्या गाडीच्या ब्लॉकवर वेल्डिंगची लांब रेघ होती, तेव्हा विषय तिथेच संपला. इंदापूरच्या बाजूला एक एचएमटी २५११ होता, झेटर कंपनीच्या चेकोस्लोव्हाक बनावटीवर बेतलेला आणि अतिशय दणकट. मात्र एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला असल्याने पुढच्या दहा वर्षांत त्याचे भाग शोधत फिरण्याची माझी तयारी नव्हती. उरलेले तीन मॅसीच होते. त्यांपैकी दोन नुकतेच रंगवलेले होते, आणि ओल्या रंगाचा वास येणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरजवळ मी फार वेळ थांबत नाही. तेलाची गळती, बिडाची चीर, पत्र्याचा गंज आणि बदललेले बोल्ट या चारही गोष्टी एका हाताच्या रंगाखाली झाकल्या जातात. दौंडच्या या ट्रॅक्टरचा रंग उन्हाने विटून विटकरी झाला होता, आणि मला तो तसाच बरा वाटला.

जुना ट्रॅक्टर पाहायला जाणारा माणूस नव्वद टक्के लक्ष इंजिनाकडे देतो. ते सुरू होते का, धूर किती मारते, आवाज कसा आहे, एवढे पाहून तो किंमत बोलतो. माझे मत वेगळे आहे, आणि या सौद्याने ते पक्के झाले. निदान मॅसीच्या बाबतीत तरी इंजिनाला भिऊ नये. या ट्रॅक्टरचे तीन सिलिंडरचे इंजिन मद्रासच्या सिम्पसन कंपनीचे, पर्किन्स या इंग्लिश कंपनीच्या परंपरेतले आहे. त्याचे लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, डिझेल फवारणारे नोझल हे सगळे पुण्यात आजही मिळते, कारण १०३५ हे नाव अजून बाजारात चालू आहे आणि हे इंजिन उघडलेले नाही असा जुना मिस्त्री आपल्या जिल्ह्यात सापडायचा नाही. इंजिनाचा पूर्ण खर्च आधीच विचारून कागदावर मांडता येतो. खरी भीती बाळगावी ती दोन गोष्टींची: ट्रॅक्टरच्या मधल्या भागात, बिडाच्या घराआड काय चालले आहे याची, आणि कागदपत्रांची. या दोन्हींचा खर्च आधी कळत नाही, आणि वरून दोन्ही ठीकठाक दिसतात.

मधल्या भागाला एवढे महत्त्व का, हे समजायला हॅरी फर्ग्युसनपर्यंत मागे जावे लागते. आयर्लंडच्या उत्तर भागात १८८४ साली जन्मलेल्या या माणसाच्या आधी ट्रॅक्टर नांगराला बैलासारखाच मागून ओढत असे. फाळ जमिनीतल्या खडकाला अडला की नांगर जागीच थांबे, इंजिनाचा जोर मात्र चालूच राही, आणि पुढचा भाग उचलला जाऊन ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटे. फर्ग्युसनने नांगर तीन ठिकाणी जोडला. खालचे दोन दांडे ओढतात आणि वरचा दांडा, म्हणजे आपण ज्याला टॉप लिंक म्हणतो तो, दाबला जातो. हा दाब एका स्प्रिंगमधून आतल्या हायड्रॉलिकच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने नांगर उचलणाऱ्या यंत्रणेच्या, व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतो. जमीन कठीण लागून ओढ वाढली की व्हॉल्व्ह नांगर किंचित वर घेतो, आणि नांगराचे व मातीचे वजन मागच्या चाकांवर येऊन त्यांची पकड वाढते. अशा रीतीने वजनाने हलका ट्रॅक्टर जड ट्रॅक्टरचे काम करू लागला. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात त्याचे टीई २० हे करडे ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक बनले. १९५३ साली त्याची कंपनी मॅसी हॅरिसमध्ये विलीन झाली आणि १९५६ साली ३५ हे मॉडेल आले. १९६० साली फर्ग्युसनचे निधन झाले, आणि त्याच वर्षी मद्रासमध्ये टॅफे या, भारतात मॅसी बनवणाऱ्या कंपनीची स्थापना झाली. आपला १०३५ हा त्या ३५ च्याच वंशातला आहे. आमच्या मुरमाड रानात, जिथे चार हातांवर दगड लागतो, तिथे ही रचना जिवंत असलेला ट्रॅक्टर आणि ती मेलेला ट्रॅक्टर ही दोन वेगळी यंत्रे आहेत, मग दोघांचे इंजिन कितीही गोड आवाजात चालत असो.

या रचनेत हायड्रॉलिकचा पंप मागच्या मोठ्या घरात, तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या, म्हणजे रोटाव्हेटरसारखी अवजारे फिरवणाऱ्या, दांड्यावर चालतो. गिअरचे आणि हायड्रॉलिकचे तेलही एकच असते. ट्रॅक्टरला वेगळी चौकट नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे घर एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि तोच त्याचा कणा. क्लच पाहायचा तर ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो, आणि पंपापर्यंत जायचे तर जड लिफ्ट कव्हर चेन पुलीने उचलावे लागते. विकणारा हे करू देणार नाही आणि घेणाऱ्यानेही तशी अपेक्षा ठेवू नये. तेव्हा आत काय आहे ते बाहेरच्या खुणांवरूनच वाचायचे असते.

पहिली खूण तेल. मिस्त्रींनी मागच्या घराचा तळाचा बोल्ट जेमतेम दोन आटे सैल केला आणि खाली स्टीलची वाटी धरली. तेल येण्याआधी दोन चमचे स्वच्छ पाणी आले आणि त्यामागून चहात दूध घातल्यासारखे फिकट तेल. गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर फाटले की पावसाळ्यात उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरमध्ये पाणी तिथूनच उतरते, आणि या ट्रॅक्टरचे रबर फाटून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. मालकाचा चेहरा उतरला. मिस्त्रींनी त्याला समजावले, "पाणी नवीन आहे, तेलाला आंबूस वास नाही. दोन पावसाळे असंच राहिलं असतं तर बेअरिंग खाल्ली असती." नंतर त्यांनी वाटीत लोहचुंबक फिरवले. त्याला करडा, पिठासारखा थर चिकटला, पण कण किंवा तुकडा एकही नव्हता. गिअरच्या दाताचा तुकडा निघाला असता तर आम्ही तिथूनच परतलो असतो.

इंजिन गार झाल्यावर ते सुरू करायला सांगितले. सेल्फ दोनदा रडला, कारण बॅटरी संपत आली होती. तिसऱ्यांदा इंजिन सुरू झाले. सुरुवातीला पांढरा धूर आला आणि मिनिटभरात विरला. जानेवारीतल्या गार डिझेल इंजिनाला तेवढा धूर माफ आहे. निळा धूर टिकून राहिला तर तेल जळते आहे आणि भार नसताना काळा धूर येत असेल तर नोझल, पंप किंवा एअर क्लीनर यांपैकी काहीतरी बिघडले आहे, असे समजावे. मग मिस्त्रींनी तेल भरायचे झाकण काढून उलटे, नुसते तोंडावर ठेवले. रिंगा झिजल्या असतील तर सिलिंडरमधला दाब खाली क्रँककेसमध्ये येतो आणि झाकण नाचू लागते. इथे ते थरथरले, पण जागचे हलले नाही. त्यानंतर एकेका नोझलच्या पाइपचा नट त्यांनी फडके धरून क्षणभर सैल केला. ज्या सिलिंडरचे डिझेल तोडले त्याने इंजिन लगेच लंगडायला हवे. जे सिलिंडर तोडूनही आवाजात फरक पडत नाही ते आधीपासूनच काम करत नसते. पहिल्या दोन सिलिंडरना इंजिन स्पष्ट लंगडले, तिसऱ्याला थोडे कमी. हे काम जाणत्या माणसानेच करावे, कारण त्या पाइपमधली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते आणि ती जखम दिसते त्याहून पुष्कळ गंभीर असते. तिसऱ्या सिलिंडरचे नोझल बदलावे लागेल एवढे आम्ही लिहून ठेवले आणि इंजिन चालूच ठेवले.

लिफ्टची परीक्षा आम्ही दोनदा घेतली. मालकाच्याच पलटी नांगरावर मुरमाने भरलेली चार पोती बांधून आधी गार तेलावर उचलून पाहिले. नांगर सहज वर गेला आणि वरच राहिला. मालकाला वाटले, झाले. पण गार तेल घट्ट असते आणि घट्ट तेल झिजलेल्या सिलमधूनही, म्हणजे तेल अडवणाऱ्या कडीतूनही, कमी निसटते, म्हणून पाऊण तास ट्रॅक्टर शेतात फिरवून तेल तापल्यावर पुन्हा उचलायला लावले. या वेळी नांगर वर गेला खरा, पण एका जागी स्थिर राहिला नाही. दर दोन-तीन सेकंदांनी इंचभर खाली येई आणि पुन्हा वर जाई, जणू मान डोलावत होता. आतून कुठेतरी तेल निसटते आहे आणि पंप ते पुन्हा पुन्हा भरून काढतो आहे, असा याचा अर्थ. इंजिन बंद केल्यावर नांगर अर्ध्या मिनिटात जमिनीला टेकला. पंप चांगला आहे, सिलिंडरचे सिल गेले आहे, असा मिस्त्रींचा अंदाज होता. मी मात्र वहीत पंपासह पूर्ण दुरुस्तीचा आकडा लिहिला, कारण न पाहिलेल्या भागाचा हिशेब करताना आपल्या आशेला त्यात जागा देऊ नये, हे मी कारखान्यात शिकलो होतो. टॉप लिंकच्या स्प्रिंगला हाताने धरून हलवले तेव्हा ती सैलही नव्हती आणि जामही नव्हती, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. कित्येक मॅसींमध्ये ती वर्षानुवर्षे गंजून जाम झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो, कारण तो नांगरटीऐवजी फक्त रोटाव्हेटर चालवत असतो.

पुणे जिल्ह्यात जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याने एक प्रश्न कधीही चुकवू नये, आणि तो म्हणजे या ट्रॅक्टरने ऊस ओढला आहे का. दौंड, बारामती, इंदापूर, शिरूर हा सगळा उसाचा पट्टा आहे. पस्तीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरने गळीत हंगामात रात्रंदिवस भरलेल्या ट्रॉल्या ओढल्या असतील तर दहा वर्षांत त्याचा मागचा भाग शेतीतल्या चाळीस वर्षांएवढा झिजतो. तासांचे मीटर यात काही मदत करत नाही, बहुतेकांची केबल कधीच तुटलेली असते. आम्ही हूक आणि त्याची पिन पाहिली. ऊस ओढलेल्या ट्रॅक्टरच्या हुकाचे गोल भोक लांबट होते आणि पिन मधोमध झिजून कमरेसारखी बारीक होते. इथले भोक जवळपास गोल होते. मालकाची आई ओसरीवरून सगळे पाहत होती, ती म्हणाली, "आमच्या ह्यांनी कधी कारखान्याला लावला नाही. माळवं आणि ज्वारी, एवढंच." माझा विश्वास त्या वाक्यावर बसला, पण पिन मोजली होती म्हणून तो टिकला.

बाकीचे थोडक्यात सांगतो. उजव्या ब्रेकच्या ड्रमखाली तेलाचा ओघळ होता, म्हणजे चाकाच्या दांड्याचे (हाफ शाफ्टचे) सिल गेले होते आणि ब्रेकचे लायनर तेल पिऊन बसले होते. मागचे १२.४-२८ चे दोन्ही टायर गुळगुळीत होऊन बाजूने चिरले होते, पुढचे ६.००-१६ चे दोन बरे होते. क्लच सिंगल होता, त्यामुळे तो दाबला की लिफ्टही थांबते. नवख्याला ही खराबी वाटते, पण ती या रचनेची रीतच आहे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता आणि इंजिन तापल्यावरही त्यात बुडबुडे आले नाहीत. आणखी एक गोष्ट मी मुद्दाम पाहिली, ती म्हणजे बोल्ट. मॅसीचे आटे इंचाच्या मापातले आहेत. घाईच्या दुरुस्तीत मिलिमीटरच्या मापाचे बोल्ट जबरदस्तीने बसवले जातात आणि बिडातले आटे कायमचे जातात. मी खिशात दोन्ही मापांचे पाने घेऊन गेलो होतो. मोजलेल्या बावीस बोल्टांपैकी एकोणीस मूळ मापाचे निघाले, आणि या यंत्राकडे आजवर कसे हात लागले आहेत याचा त्याहून खात्रीचा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

जुनेपणाचीही एक किंमत असते, पण ती वयाची नसते, पूर्णतेची असते. या ट्रॅक्टरचे सीट, स्टिअरिंगचे चाक, डायनामो, तेलाचा एअर क्लीनर, बॉनेटच्या पुढची जाळी आणि डॅशखालची नंबरची पट्टी हे सगळे मूळचे होते. डायनामो काढून अल्टरनेटर बसवणे किंवा नवे फायबरचे मडगार्ड लावणे हे कामाच्या दृष्टीने चुकीचे नाही, परंतु मूळ भाग फेकून दिले असतील तर ते जुळवत फिरण्यात वर्षे जातात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चकरा मारणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. म्हणून मूळ भाग असल्याबद्दल मी किंमत वाढवून धरली नाही, पण नसते तर नक्कीच कमी केली असती. संग्रहासाठी घेणारा याच्या उलट करील, आणि त्याच्या जागी ते बरोबरही असेल. मला नांगरायचे होते.

आता कागद. ट्रॅक्टरचा क्रमांक १९८९ पूर्वीच्या पद्धतीचा, एम या अक्षराने सुरू होणारा होता, आणि आरसी बुक हाताने लिहिलेले, कापडी पाठीचे. इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळला. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा उतरवला, तोही जुळला. अडचणी तीन होत्या. बुक मालकाच्या वडिलांच्या नावावर होते आणि ते सहा वर्षांपूर्वी वारले होते. नोंदणीची मुदत कधीच संपली होती. सुरुवातीच्या पंधरा वर्षांनंतर ती दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, आणि ती एकदाच वाढवली गेली होती. आणि बुकावर ज्या बँकेच्या कर्जाचा बोजा होता ती बँक आता चालत नाही. कर्ज १९८९ साली फिटल्याची पावती आईने जपून ठेवली होती, पण पावती म्हणजे ना हरकत दाखला नव्हे. आधी बोजा उतरवायचा, मग फॉर्म ३१ भरून ट्रॅक्टर वारसाच्या नावावर घ्यायचा, फॉर्म २५ ने नोंदणीचे नूतनीकरण, आणि शेवटी फॉर्म २९ व ३० ने माझ्या नावावर हस्तांतर, असा तो मार्ग होता. हाताने लिहिलेली जुनी नोंद संगणकात चढवून घेणे हे काम त्याआधीचे. एजंटाने सगळ्याचे "दोन महिने" सांगितले. मी आठ धरले.

घरी येऊन मी असा हिशेब मांडला. याच मॉडेलचा, नीट चालणारा आणि कागद स्वच्छ असलेला ट्रॅक्टर मला आमच्या भागात १,७५,००० ला घेण्याजोगा वाटला असता. त्यातून मागच्या टायरांचे ३४,०००, हायड्रॉलिकचे १८,०००, सिल आणि ब्रेकचे ७,०००, बॅटरी, नोझल आणि वायरिंगचे ९,००० वजा केले. उरले १,०७,०००. मालकाची मागणी १,७०,००० होती. दुसऱ्या खेपेला मी तो कागद जसाच्या तसा त्याच्यापुढे ठेवला. ताणून धरण्यापेक्षा हिशेब उघड करणे मला नेहमीच बरे वाटत आले आहे, कारण समोरच्याला आकडा पटला नाही तरी तो कुठून आला हे दिसते. त्याने टायरच्या आकड्याला हरकत घेतली, दुकानात फोन लावला आणि ३४ वरून ३२ करून घेतला. हायड्रॉलिकला त्याने हरकत घेतली नाही, कारण नांगर मान डोलावताना त्याने स्वतः पाहिला होता. सौदा शेवटी त्या हिशेबाहून थोडा खाली, १,०५,००० ला ठरला. त्यातले ११,००० इसार म्हणून दिले, ६९,००० ट्रॅक्टर उचलताना, आणि २५,००० बोजा उतरल्याचा दाखला हाती येईल तेव्हा द्यायचे, असे आम्ही साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. कागदपत्रांच्या किमतीची वजाबाकी करायची नाही, तर तेवढी रक्कम मागे ठेवायची, हा सल्ला मिस्त्रींचा होता. पैसे अडकले आहेत म्हटल्यावर विकणाराही कार्यालयाच्या चकरा मारतो.

नोंदणी संपलेला ट्रॅक्टर रस्त्यावर आणायचा नव्हता, आणि उजवा ब्रेक तसा असताना भुलेश्वरचा घाट चढवण्या-उतरवण्याचा प्रश्नच नव्हता. ट्रकची मागची बाजू शेताच्या उंच बांधाला लावली, फळ्या टाकल्या, आणि मालकाने स्वतः ट्रॅक्टर आत चढवला. खाली उतरल्यावर त्याने बॉनेटवर एक हात फिरवला आणि किल्ली आधी आईच्या हातात दिली. तिने ती माझ्या हातात ठेवली.

लिफ्ट कव्हर उघडले तेव्हा मिस्त्री खरे ठरले. पंप चांगला होता, सिलिंडरचे सिल आणि पिस्टनची रिंग गेली होती, आणि १८,००० च्या जागी तेल बदलण्यासह ११,५०० त काम झाले. पण ज्याचा आकडा माझ्या कागदावर नव्हता ते पुढे निघाले. स्टिअरिंगचा खेळ मी ट्रॅक्टर सरळ उभा असतानाच तपासला होता. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिले नव्हते. स्टिअरिंग बॉक्समधला एक गिअर टोकाकडे चिरलेला होता, आणि वळणावर चाक क्षणभर मोकळे फिरे. शेतात हे त्रासाचे आहे आणि रस्त्यावर जिवावर बेतणारे. त्याचे १३,००० गेले. तीन तास हाताशी असताना ज्या तपासणीला दोन मिनिटे लागली असती ती मी केली नाही, आणि हे मला त्या १३,००० पेक्षा जास्त लागले. जुना ट्रॅक्टर पाहायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी आता हे पहिल्यांदा सांगतो: पुढची चाके जॅकवर उचला, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, आणि मग पुढची चाके हाताने धरून उलट हलवून पाहा.

बोजा उतरल्याचा दाखला सातव्या महिन्यात आला. त्याच दिवशी मी २५,००० घेऊन दौंडला गेलो. वारसाच्या नावावर नोंद झाली आहे आणि नूतनीकरणाची तपासणीही झाली आहे. माझ्या नावाचे हस्तांतर अजून आरटीओत आहे, म्हणून ट्रॅक्टर अद्याप रानाबाहेर गेलेला नाही. रानात मात्र त्याने जूनच्या पहिल्या पावसानंतर अंजिराच्या खालची पट्टी नांगरली. वरच्या अंगाला, जिथे मुरूम दगडाला भिडतो, तिथे इंजिनाचा आवाज जड झाला, टॉप लिंकची स्प्रिंग दबली, नांगर आपणहून दोन बोटे वर आला आणि दगड ओलांडल्यावर पुन्हा खाली बसला. मी लिव्हरला हातही लावला नव्हता. नांगराचे तास संपल्यावर खाली उतरून मी खोली मोजली, दगडाच्या अलीकडे आणि पलीकडे. दोन्हीकडे आठ इंच भरली.